झाशी जळताना पाहणारा भिक्षुक

१८५७च्या मार्च महिन्यात कुलाबा जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसई गावातून एक भिक्षुक उत्तरेकडे निघाला. वय तिशीच्या आसपास, घरी कर्ज, सोबतीला काका. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे दक्षिणेचा मोठा खर्च होणार आहे, अशी वार्ता कोकणापर्यंत आली होती. कर्ज फिटावे आणि यात्राही घडावी, असा हा साधा हिशेब होता. वर्षभराने तोच भिक्षुक झाशी शहरात जीव मुठीत धरून लपून बसला होता. बाहेर शहर जळत होते.

त्याचे नाव विष्णुभट गोडसे. त्याने लिहून ठेवलेली हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने मराठी वाचकांना परिचित आहे. तिच्यातील राणी लक्ष्मीबाईंची वर्णने शालेय पुस्तकांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र झिरपली आहेत. त्या मानाने तिच्यातील जळत्या शहराकडे फारसे कोणी वळत नाही. वास्तविक एकोणिसाव्या शतकातील एखादे भारतीय शहर लुटले आणि जाळले जात असताना त्याच शहरात अडकलेल्या सामान्य माणसाने आपल्या भाषेत लिहिलेली इतकी सविस्तर साक्ष फारच दुर्मीळ आहे.

त्या शतकातील इतर आगींशी तुलना केली म्हणजे हे वेगळेपण ध्यानात येते. मुंबईच्या कोटात १७ फेब्रुवारी १८०३ रोजी भीषण आग लागली आणि कोटातील वस्तीचा सुमारे एक तृतीयांश भाग भस्मसात झाला. तेव्हाचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी तिची माहिती लंडनच्या संचालकांना कळवली, रस्ते रुंद करण्याची चर्चा झाली, कोटाबाहेर नवी वस्ती वाढली. पुण्यात १३ मे १८७९च्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. प्रथम संशय वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाकडे गेला, पुढे एका सरकारी कारकुनावर खटला चालून त्याला शिक्षा झाली. या दोन्ही आगींच्या मागे सरकारी कागद राहिले, कारण आग कशी लागली हे सरकारला जाणून घ्यायचे होते. झाशीची आग सरकारच्याच फौजेने लावली होती. तिची चौकशी कोण करणार?

झाशीवर ही वेळ का आली, ते थोडक्यात असे. नेवाळकर घराण्यातील गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. जून १८५७ मध्ये तेथील शिपायांनी बंड केले. ८ जून रोजी झोकनबागेत शरण आलेल्या सुमारे साठ युरोपियनांची, त्यांतील स्त्रिया आणि मुलांसह, कत्तल झाली. या कत्तलीत राणींचा हात होता की नव्हता, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. पुढे जे घडले त्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट इतकीच की, इंग्रज सैनिकांच्या मनात ती कत्तल ताजी होती आणि संपूर्ण शहराने तिचे प्रायश्चित्त घ्यावे, असे त्यांना वाटत होते.

मार्च १८५८च्या तिसऱ्या आठवड्यात सर ह्यू रोज याची फौज झाशीपुढे आली. या फौजेत गोऱ्या पलटणी होत्या, मुंबई इलाख्यातील देशी पायदळ होते, मद्रासचे सफरमैना होते आणि हैदराबाद कंटिंजंटही होते. या शेवटच्या नावापाशी नांदेड–लातूरकडील वाचकाने क्षणभर थांबणे योग्य ठरेल. ही फौज नावाला निजामाची आणि हुकमाला इंग्रज अधिकाऱ्यांची. हिंगोली ही तिची जुनी छावणी. जानेवारी १८१९ मध्ये नोवसाजी नाईकांच्या हटकरांनी लढवलेल्या नाव्ह्याच्या किल्ल्याला वेढा घातला, तो याच फौजेच्या पूर्वावताराने, आणि हे नाव पुढे तिच्या पलटणींच्या रणसन्मानांत दाखल झाले. या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटीच १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांनी आपल्या कारभारात घेतला. जून १८५७ मध्ये याच कंटिंजंटमधील काही स्वारांनी औरंगाबादेस बंडाचा पवित्रा घेतला, तेव्हा त्यांना फाशी देण्यात आले आणि तोफेच्या तोंडी बांधण्यात आले. त्याच फौजेच्या इतर तुकड्या दहा महिन्यांनी झाशीच्या तटाखाली उभ्या होत्या. मराठवाड्याचा १८५७शी संबंध सांगताना औरंगाबादचा काळा चबुतरा आठवतो, झाशीचा तट मात्र सहसा आठवत नाही.

तोफांचा मारा सुरू झाला आणि शहराला आगीची पहिली ओळख झाली. गोडसे ज्यांना ‘कुलपी गोळे’ म्हणतात ते पोकळ, आत दारू भरलेले आणि पडल्यावर फुटणारे गोळे होते. भरीव गोळ्याने भिंत पडते. कुलपी गोळ्याने भिंत पडतेच, शिवाय आतील लाकूड, गवत, कापड पेट घेते. रात्री हे तांबडे गोळे आकाशातून येताना दिसत आणि तो आपल्याच अंगावर येत आहे असे प्रत्येकाला वाटे, हा गोडसे यांचा अनुभव ज्याने कधी तोफ पाहिली नाही अशा वाचकालाही पटतो. किल्ल्यात पाणी भरणाऱ्यांवरही मारा झाला, पखालवाले मेले, पाणी तुटले. भिक्षुकाला त्यातही स्नानाची खोटी झाल्याची नोंद करावीशी वाटते. अशा नोंदी हसून सोडून देण्यासारख्या नाहीत. खोटी साक्ष रचणारा माणूस वीरश्री रचतो, चुकलेल्या स्नानाची आठवण त्याच्या ध्यानात येत नाही.

बुंदेलखंडातील चैत्र कोरडा असतो. झाडांची पाने गळलेली, गवत वाळलेले, विहिरींचे पाणी खोल गेलेले. ३१ मार्चला तात्या टोपे मदतीस आले, त्या वेळी टेकडीवर मोठा जाळ करून आल्याची खूण देण्यात आली आणि वेढलेल्या शहरात आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, बेतवेच्या लढाईत तात्यांचा पराभव झाला. माघार घेताना पाठलाग थोपवण्यासाठी त्यांच्या माणसांनी रान पेटवून दिले आणि वाळलेल्या गवताने क्षणात पेट घेतला. दोन दिवसांत शहरातही तेच होणार होते. रानाऐवजी लाकडी माड्यांची दाट वस्ती होती, इतकाच फरक.

३ एप्रिलला इंग्रज फौज तट चढून आत आली. येथून पुढे गोडसे यांच्या लेखणीला वेगळीच धार येते. ते ‘बिजन’ हा शब्द वापरतात. फारसी लष्करी आज्ञेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ दिसेल त्याला मारा, सरसकट कत्तल. गल्लीगल्लीतून गोळीबार होत होता, पुरुष दिसला की मारला जात होता. लोक गवताच्या गंजीत लपले तर गंजी पेटवल्या गेल्या. विहिरीत उतरले तर काठावर बंदुका रोखलेल्या होत्या. विहिरींचा उल्लेख इंग्रज बाजूच्या लेखनातही येतो. पुरुषांनी बायकामुलांना विहिरीत लोटून मागोमाग स्वतः उड्या घेतल्याचे त्यांनीही नोंदवले आहे.

आणि मग आग. हलवाईपुरा पेटला. किल्ल्यावरील उंच जागेवरून राणी लक्ष्मीबाईंनी खाली पाहिले तेव्हा त्यांना हलवाईपुऱ्याच्या ज्वाळा दिसल्या, शहरातील आक्रोश वरपर्यंत ऐकू येत होता, आणि त्यांचे अंतःकरण भरून आले, असे गोडसे सांगतात. नावच सांगते की ही हलवायांची वस्ती. भट्ट्या, सरपण, तूप, तेल, साखर यांचा साठा जिथे असतो त्या पेठेस आग लागली म्हणजे काय होते, यासाठी फार कल्पना लढवावी लागत नाही. विझवायला माणूस बाहेर पडला तर गोळी लागत होती. शहरातील आग एरवी शेजाऱ्यांच्या घागरींनी आटोक्यात येते. घागर घेऊन बाहेर पडणाराच जिवंत राहत नसेल तर आगीला अडवणारे फक्त दोन उरतात, रस्त्याची रुंदी आणि वाऱ्याची दिशा.

राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा घरे जळत होती आणि त्या आचेतूनच आपली फौज पुढे गेली, असे इंग्रजांकडील वर्णनही सांगते. राजवाड्यात खोलीखोलीतून झुंज झाली. सर्वांत कडवा प्रतिकार पागेतील राणींच्या स्वारांनी केला. त्यांना बाहेर काढण्यासाठीही आगीचाच उपयोग झाला. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निसटल्या आणि दुसऱ्या दिवशी रिकामा किल्ला इंग्रजांच्या हाती आला. शहराचे हाल त्यानंतरही संपले नाहीत.

गोडसे आणि त्यांचे काका शहरातच अडकले होते. ते लपून राहिले, सैनिक घरात शिरले, प्राण वाचले आणि प्रवासात जमवलेला पैसा गेला. ज्या पैशासाठी वरसई सोडली होती तोच. लुटीच्या वर्णनात गोडसे यांची व्यवहारी नजर विशेष दिसते. लूट बेबंद नव्हती, तिला एक क्रम होता, असे ते दाखवतात. आधी सोने, चांदी, नाणे. मग तांब्यापितळेची भांडी. मग कापडचोपड. मग धान्य. एकेका पलटणीला पाळीपाळीने. ज्या घरातून पहिल्या दिवशी दागिने गेले त्याच घरातून शेवटी पिठाचा डबाही गेला. आग एकदाच जाळते. ही लूट त्याच घरात पुन्हापुन्हा येत होती.

नेवाळकरांचा ग्रंथसंग्रह या पानांतील सर्वांत जड जागा आहे. वेद, भाष्ये, शास्त्रे, पुराणे यांच्या हस्तलिखितांचा हा संग्रह पिढ्यांनी जमवलेला होता. कोठे नवा ग्रंथ असल्याचे कळले की नकलनवीस पाठवून त्याची प्रत करून आणत. काशीच्या पंडितांनाही येथील पोथ्यांची गरज पडे. प्रत्येक पोथी चांगल्या वस्त्रात बांधून ठेवलेली असे. लुटीस आलेल्या शिपायांना वस्त्र उपयोगी होते, पोथी निरुपयोगी होती. त्यांनी बासने सोडून घेतली आणि सुट्या पानांचे ढीग बाहेर फेकले. बांधणी नसलेल्या पोथीची पाने एकदा विखुरली की ग्रंथ संपतो, मग त्याला आग लागो वा न लागो. छापखाना महाराष्ट्रात नुकता रुळत होता, बुंदेलखंडातील अशा संग्रहातील कित्येक ग्रंथांची दुसरी प्रत असण्याची खात्री नव्हती. स्वतः वैदिक असलेल्या गोडसे यांना या नुकसानीची किंमत कळत होती. आपला पैसा गेल्याचे दुःख ते लिहितातच, पण या पानांच्या ढिगापाशी त्यांची लेखणी अधिक रेंगाळते.

कत्तल थांबून दवंडी फिरल्यावर मृतांचा प्रश्न उभा राहिला. उन्हाळ्याचे दिवस, रस्त्यांवर माणसे आणि जनावरे मरून पडलेली, सरपण नाही. तेव्हा घरांतील लाकूडसामान काढून चौकांतच प्रेते जाळण्यात आली. घरे जळाली ती आग शत्रूची होती. ही दुसरी आग शहरातल्या लोकांनी स्वतः, आपल्या माणसांसाठी, आपलीच दारेखिडक्या मोडून पेटवली. झाशीत किती माणसे मेली याचा पक्का आकडा नाही. इंग्रजी लेखनात पाच हजारांचा उल्लेख येतो, पण त्यात लढणारे किती आणि घरात लपलेले किती, ही वाटणी कोणी केली नाही.

दुसऱ्या बाजूचा एक साक्षीदार येथे आठवतो. मद्रासच्या सफरमैना पलटणीबरोबर असलेला डॉक्टर टॉमस लो याने १८६० मध्ये लंडनमध्ये मध्य हिंदुस्थानातील मोहिमेवर पुस्तक प्रसिद्ध केले. झाशीला मिळालेली शिक्षा न्याय्य होती असा त्याचा सूर आहे आणि राणींना तो बायबलमधील दुष्ट राणी ईझबेल हिचे नाव देतो. तरीही प्रेते, विहिरी, मोडलेली घरे त्याच्या लेखनातून गळत नाहीत. दोन्ही साक्षीदार एकाच शहरात, एकाच आठवड्यात होते. दोघे एकमेकांना ओळखत नव्हते, एकमेकांची भाषाही वाचू शकले नसते. जेथे त्यांच्या हकीकती जुळतात तेथे इतिहासाच्या अभ्यासकाला पाय रोवता येतो.

जेथे जुळत नाहीत तेथे सावध राहावे लागते. गोडसे यांनी हे सर्व घटनेच्या दिवशी लिहिले नाही. त्यांचे यजमान चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३च्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षांनी, त्यांनी आठवणीतून मोडी लिपीत हकीकत उतरवली. इतक्या वर्षांत दिवस मागेपुढे होतात, ऐकलेले आणि पाहिलेले एकमेकांत मिसळते. कानपूरबद्दल ते सांगतात ते बहुतांशी कानांवर आलेले आहे, झाशीबद्दल सांगतात त्यातील बरेच स्वतः भोगलेले आहे. एकाच पुस्तकातील या दोन भागांना सारखेच वजन देणे ही चूक वारंवार होते. राणींच्या मनात काय चालले होते हे सांगणारे गोडसे एक, आणि पखालवाले मेल्याने पाणी तुटले हे सांगणारे गोडसे दुसरे. पहिल्याचे ऐकावे, दुसऱ्यावर विसंबावे.

आणखी एक अडचण छापील पुस्तकाची आहे. सरकारची भीती असल्याने हस्तलिखित वर्षानुवर्षे पडून राहिले. वैद्यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा गोडसे हयात नव्हते. शिवाय वैद्यांनी ते जसेच्या तसे छापले नाही. भाषा सफाईदार केली, काही भाग गाळला, काही ठिकाणी स्वतःची भर घातली. इंग्रज राज्यात हे पुस्तक छापायचे तर एवढी काटछाट अटळ होती, असे म्हणता येईल. पण त्यामुळे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक गोडसे वाचत आहोत असे समजून काही अंशी वैद्यच वाचत होते. मूळ मोडी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आले आणि त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळबरहुकूम आवृत्ती सिद्ध केली. तिच्यातील भाषा खडबडीत आहे, वाक्ये लांबत जातात, विरामचिन्हांची पर्वा नाही. जिज्ञासूंनी शक्य तर दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून झाशीची पाने वाचावीत. सफाई कोठे झाली हे पाहताना वैद्यांचा काळही दिसू लागतो. हिंदी वाचकांसाठी अमृतलाल नागर यांनी ‘आँखों देखा गदर’ या नावाने अनुवाद केला. अलीकडे इंग्रजीतही एकाहून अधिक अनुवाद झाले आहेत.

आज झाशीत उभा असलेला राणीमहाल म्हणजे १८५८च्या विध्वंसातून वाचलेला अंश. रंगीत छताचे दालन शिल्लक आहे, तेथे आता पुरातत्त्व खात्याने जुनी शिल्पे मांडली आहेत. ग्रंथसंग्रहाचे काहीही उरलेले नाही.

झाशीतून सुटका झाल्यावर गोडसे चुलत्यासह काल्पीच्या दिशेने निघाले. वाटेत एका विहिरीपाशी त्यांना पुन्हा लक्ष्मीबाई दिसल्या. लढाई हरून आलेल्या, पठाणी पोशाखात, अंगभर धूळ, तहानेने व्याकूळ, घोड्यावर. ओळख पटताच गोडसे दोरी-मडके घेऊन पाणी काढायला पुढे झाले. बाईंनी त्यांना थांबवले. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये, आपण स्वतःच ओढू, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः पाणी शेंदले, ओंजळीने प्यायल्या आणि घोडा काढून निघून गेल्या. पुढे दोन महिन्यांच्या आत, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळ त्या लढताना पडल्या. गोडसे तीर्थे करीत, पुन्हा लुटले जात, वर्ष-दीड वर्षाने खांद्यावर गंगेची कावड घेऊन वरसईस पोहोचले. आईवडिलांना गंगेचे स्नान घडले. कर्ज तसेच होते.